सही-शिक्क्याच्या तासांऐवजी हातात एक काम द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले. मुले त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. पदवीच्या मुलांना क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे तास वेगळे. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास तर जुनेच आहेत. त्यामुळे सत्र सुरू झाले, की इतिहास, समाजकार्य, वाणिज्य, चित्रकला अशा सगळ्या शाखांची मुले महाविद्यालयाचे पत्र घेऊन संग्रहालयांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या दारात उभी राहतात. पत्रात लिहिलेले असते, ‘सदर विद्यार्थ्यास आपल्या संस्थेत काम करण्याची संधी मिळावी.’ कोणते काम, हे महाविद्यालयाने लिहिलेले नसते. संस्थेनेही ठरवलेले नसते. मग मूल तिकीट खिडकीशेजारी बसते, कपाटे पुसते, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडते आणि शेवटी १२० तासांवर सही-शिक्का घेऊन जाते. मुलाचेही नुकसान आणि संस्थेचेही.

कोल्हापुरात काम नाही, असे मुळीच नाही. टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात शहरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवरच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू आहेत, समुद्रदेव पोसायडनची ब्राँझ मूर्ती आहे, आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. नव्या राजवाड्यात श्रीमंत शाहू छत्रपती संग्रहालय आहे, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालय. १८५० सालापासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानकाळातील मोडी कागद आहेत. अशा संग्रहांमध्ये नोंदी, छायाचित्रे, सूची आणि देखभाल ही कामे कधीच संपत नसतात. हे काम १२० तासांत मावेल एवढे तुकडे करून मुलांच्या हाती द्यावे, ही आमची मागणी आहे. काम छोटे असावे, मोजता यावे आणि मूल जाण्याआधी ते पूर्ण व्हावे.

आधी हिशेब. रोज चार तास धरले तर १२० तासांचे ३० दिवस होतात. पहिले तीन दिवस वस्तू हाताळायला शिकण्यात जातात आणि ते वाचवायला जाऊ नये. शेवटचे दोन दिवस तपासणी आणि अहवालासाठी ठेवावेत. उरले २५. दोघांची जोडी, म्हणजे एक मोजणारा आणि एक लिहिणारा, दिवसाला सहा ते आठ वस्तूंची नीट नोंद करते: माप, वजन, वर्णन, स्थिती, छायाचित्रे. म्हणजे एका जोडीकडून दीडशे ते दोनशे वस्तूंची पूर्ण नोंद मिळते. एका कपाटातली नाणी किंवा एका दालनातली हत्यारे, एवढा हा आवाका आहे. ‘संग्रहालयाचे डिजिटायझेशन’ असे काम दिले तर मूल पहिल्या आठवड्यात उत्साहाने स्कॅन करत सुटते आणि तिसऱ्या आठवड्यात अर्धवट फोल्डर सोडून परीक्षेला जाते. पुढच्या मुलाला त्या फोल्डरमधले काहीही उमगत नाही.

पहिल्या तीन दिवसांत काय शिकवावे? अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवायचे. वस्तू दोन्ही हातांनी, बुडाखाली हात घालून उचलायची. कान, मूठ, कडी धरून कधीच नाही, कारण जुना जोड तिथेच सुटतो. दोन पावले जायचे असले तरी फोम घातलेल्या ट्रेमधूनच न्यायची. धातूला नायट्राइलचे हातमोजे हवेत, घामातले क्षार बोटांचे ठसे कायमचे उमटवतात. जुन्या कागदाला मात्र स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात बरे. सुती मोज्यांत बोटांना कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. तलवार म्यानातून ओढून पाहायची नाही. जुन्या म्यानाची शिवण उसवलेली असते आणि धारेच्या बाजूने म्यान मुठीत धरले, तर पाते म्यान कापून तळव्यात शिरते. वस्तूंच्या खोलीत शाईचे पेन न्यायचे नाही, फक्त शिसपेन्सिल.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: मुलांनी काहीही ‘चकाचक’ करायचे नाही. तांब्याचे नाणे चिंचेने, लिंबाने किंवा भांडी घासायच्या पावडरीने घासले, की शतकानुशतके जमलेला थर जातो, त्याबरोबर अक्षरांच्या कडा जातात आणि उघडा पडलेला धातू पुढच्या पावसाळ्यात जास्त वेगाने गंजतो. मऊ ब्रशने धूळ झाडणे, एवढीच मुलांची हद्द. त्यापुढचे काम प्रशिक्षित संवर्धकाचे.

नोंदणीत सर्वाधिक घोळ क्रमांकाचा होतो. एकाच वस्तूवर जुन्या रजिस्टरचा एक, नंतरच्या मोजणीचा दुसरा आणि कपाटाचा तिसरा, असे तीन आकडे असतात. मुलांना वाटते, नवा सोपा क्रमांक देऊन टाकावा. तसे करू नये. जे क्रमांक दिसतात ते सगळे वेगवेगळ्या रकान्यांत जसेच्या तसे उतरवायचे आणि दाखल रजिस्टरातल्या क्रमांकाशी जुळवायचे. जुळत नसेल तर ‘जुळत नाही’ असे लिहून संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकांकडे द्यायचे. रजिस्टरमध्ये आहे पण कपाटात नाही आणि कपाटात आहे पण रजिस्टरमध्ये नाही, या दोन याद्या हीच त्या महिन्याची सर्वांत मोलाची कमाई असते. त्या याद्या संस्थेबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हेही पहिल्याच दिवशी सांगावे.

क्रमांक लिहायचाच असेल तर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा अ‍ॅसिटोनमधला पंधरा ते वीस टक्के द्राव बारीक ब्रशने लावायचा, तो पूर्ण वाळल्यावर रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक लिहायचा आणि त्यावर पुन्हा एक हात. अ‍ॅसिटोन पेट घेणारे आहे, म्हणून खिडकी उघडी हवी आणि अभिरक्षक शेजारी उभे हवेत. व्हाइटनर, नखांचे पॉलिश, चिकटपट्टी यांपैकी काहीही चालत नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून वस्तूत मुरतो. कापडावर लिहायचे नाही, सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांनी शिवायची. कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात.

छायाचित्रांसाठी महागडा कॅमेरा लागतो, हा गैरसमज आहे. तिकाटणे (ट्रायपॉड), खिडकीचा सौम्य उजेड, राखाडी कागदाची पार्श्वभूमी, शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी, एवढे असले तर बऱ्या मोबाइलवरही नोंदीपुरते चित्र निघते. फ्लॅश बंद. समोरून, मागून आणि लेख किंवा भेग असेल तिथे जवळून, अशी किमान तीन चित्रे. फाईलच्या नावात दाखल क्रमांक आणि इंग्रजी अंक वापरावेत. मराठी-इंग्रजी अंक मिसळले, की संगणक क्रम उलटापालटा लावतो. मोबाइलमधले मूळ चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नये, त्याचा आकार घटतो आणि तारखेची माहिती पुसली जाते. केबलने उतरवून घ्यावे, तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी.

मराठी टंकलेखनाबाबत एक कळकळीची विनंती. सगळ्या नोंदी युनिकोडमध्येच करा. अनेक संस्थांमध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या याद्या जुन्या खासगी फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. आज त्या उघडल्या, की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. त्या युनिकोडमध्ये आणून मुद्रित प्रतीशी ताडून पाहणे, हे स्वतंत्र १२० तासांचे काम आहे आणि ते मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांइतके चांगले कोणी करणार नाही. शिवाय अशा नोंदी पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या ‘जतन’सारख्या संग्रहालयीन प्रणालीत घ्यायच्या झाल्या, तर पुन्हा टंकावे लागत नाही.

मोडी येणाऱ्या मुलांच्या हाती रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, नुसतेच सोपवू नयेत. एका रुमालातल्या प्रत्येक कागदाची एकोळी सूची करायला द्यावी: कोणी, कोणास, विषय, तारीख, पाने, कागदाची स्थिती. पूर्ण लिप्यंतराचा हट्ट धरला तर तीस दिवसांत फार थोडे कागद होतात, तेही चुकांसह. तारीख कागदावर असेल तशीच लिहायची, शक असो वा शुहूर ही जुन्या कागदांतली दुसरी कालगणना, आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात. शकात ७८ मिळवताना साधारण पौषात १ जानेवारी येऊन इसवी सन बदलते, तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. मुले नेमकी तिथे चुकतात, आणि मूळ तारीखच खोडून इसवी सन लिहिले असेल तर ती चूक नंतर कोणालाही शोधता येत नाही.

आपल्या पावसाळ्यासाठी विज्ञान शाखेच्या मुलांना एक सुरेख काम आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली, की कागदावर, कापडावर, चामड्यावर बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ती त्याच्या खूप वर असते. साधा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, पण तो खरे दाखवतो का हे आधी तपासावे लागते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूइतके भिजवायचे, मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ७१ दाखवत असेल, तर प्रत्येक नोंदीत ४ मिळवायचे. मग प्रत्येक दालनात आणि एका बंद कपाटात मापक ठेवून ठरलेल्या तीन वेळांना नोंद घ्यायची. महिन्याभरात आलेखावर दिसते, की कोणत्या भिंतीला ओल आहे आणि सकाळी हवा यावी म्हणून उघडलेली खिडकी दुपारपर्यंत काय करते. ओल शोषणारे सिलिका जेल कुठे ठेवायचे, ते कधी बदलायचे, हे त्या आलेखावरून ठरते. कागद, कापड, जलरंगचित्रांवर ५० लक्सहून जास्त उजेड नसावा. तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. हेही मुलांनी मोजून द्यावे.

२०१९ आणि २०२१ चा महापूर कोणी विसरलेले नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली, की इशारा आणि ४३ ला धोका, हे शहरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण ३९ फुटांना आपल्या कार्यालयातले कोणते कपाट आधी वर न्यायचे, हे लिहून भिंतीवर लावलेल्या संस्था आम्हाला क्वचितच दिसतात. तळमजल्यावरच्या वस्तूंची आणि दप्तराची पाहणी करून ‘आधी उचलायचे’ अशी एका पानाची यादी आणि नकाशा करणे, हे पंधरा दिवसांचे काम आहे. सोबत भिजलेल्या कागदांच्या सूचना हव्यात: ४८ तासांत बुरशी धरू लागते, उन्हात वाळवायचे नाही, पाने ओढून सुटी करायची नाहीत, मधे टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचे आणि टीपकागद भिजला की बदलायचा. हे काम मे महिन्यातच व्हायला हवे.

आता स्वयंसेवी संस्थांकडे. इथे वस्तूंच्या जागी माणसे आहेत आणि चूक झाली तर ती ब्रशने झाडता येत नाही.

पहिला घोळ हंगामाचा. ऊसतोड मजुरांच्या किंवा वीटभट्टीवरच्या मुलांसोबत काम करायचे असेल, तर ती कुटुंबे इथे साधारण दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात परततात. जुलैत आलेल्या विद्यार्थ्याला तिथे कोणीच भेटणार नाही. त्या काळात त्याला मागच्या हंगामाच्या हजेरीची छाननी, पुढच्या हंगामाच्या पाट्या-पुस्तकांची मोजदाद द्यावी. दुसरा घोळ ‘शिकवण्या’चा. तीस दिवसांसाठी आलेल्या मुलाला स्वतंत्र वर्ग देऊ नये. लहान मुलांना नव्या ताईचा, दादाचा लळा लागतो आणि महिन्यात तो माणूस नाहीसा होतो. त्याऐवजी कायमच्या शिक्षिकेच्या हाताखाली दोन-तीन मुलांचे वाचन ऐकणे आणि प्रत्येकाची पातळी आठवड्याला नोंदवणे, हे नेमके आणि उपयोगी आहे.

छायाचित्रांबाबत मात्र कडक राहावे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ ने मनाई आहे. नाव, चेहरा, शाळा, पत्ता, काहीही. ‘आज मी अनाथ मुलांसोबत’ असे लिहून टाकलेले स्टेटस या मनाईत येऊ शकते. चांगल्या मनाने टाकले होते, हा त्यावर उतारा नाही. अठरा वर्षांखालच्या स्वयंसेवकाला पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये आणि कोणालाही एकट्याने गृहभेटीला पाठवू नये.

वाणिज्यच्या मुलांना संस्था नेहमी पाकिटे चिकटवायला बसवतात, याचे वाईट वाटते. देणगीच्या पावत्या, बँकेच्या नोंदी आणि देणगीदारांचे पॅन क्रमांक ताळ्यावर घेऊन चुका शोधणे, हे काम आर्थिक वर्ष संपल्यावर प्रत्येक संस्थेला करावेच लागते. एका अक्षराने पॅन चुकला तरी देणगीदाराची देणगीवरची प्राप्तिकर सवलत अडकते. या कामात मुलांना विश्वस्त संस्थेचे हिशेब पहिल्यांदा आतून दिसतात. अट एवढीच, की यादी संस्थेच्याच संगणकावर राहिली पाहिजे.

विद्यार्थी आणि पालकांनीही काही गोष्टी पाहाव्यात. संस्थेचा न्यास नोंदणी क्रमांक विचारावा आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर तिची नोंद आहे का, ते बघावे. इंटर्नशिपसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नये. काम बिनपगारी असले तरी कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. समितीतील व्यक्तीचे नाव आणि फोन पहिल्या दिवशीच मुलींना द्यावा.

मानधन देण्याची ऐपत सगळ्यांची नसते, हे आम्ही जाणतो. पण राधानगरी, कागल, पन्हाळ्याहून येणाऱ्या मुलाचा एसटी आणि केएमटी या शहर बसचा खर्च आणि दुपारचा चहा-नाश्ता एवढे तरी द्यावे. नाही तर ही संधी फक्त शहरात घर असलेल्या मुलांची राहील. जिथे तेही जमत नसेल, तिथे रोज चार तासांऐवजी आठवड्यातून तीन दिवस आठ-आठ तास द्यावेत. तास तेवढेच भरतात आणि भाडे निम्मे होते. सोमवारी बंद असणाऱ्या संग्रहालयांना तर तो दिवस सोयीचाच, प्रेक्षक नसताना काचपेट्या उघडता येतात.

अर्ज केव्हा करावा? शासकीय संग्रहालयात वस्तू हाताळण्याची, छायाचित्रे घेण्याची परवानगी अभिरक्षकांच्या एकट्याच्या हातात नसते. ती पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जाते. म्हणून महाविद्यालयाने किमान दोन महिने आधी पत्र द्यावे. त्यात विद्यार्थ्यांची नावे, शाखा, तास, तारखा, मागितलेले काम आणि महाविद्यालयातल्या जबाबदार शिक्षकाचे नाव असावे. त्या शिक्षकाने तीस दिवसांत निदान तीनदा येऊन काम बघावे. शेवटच्या दिवशी अहवालावर सही करणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. आणि संस्थांनीही एका वेळी चारपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत. एक माणूस चौघांच्याच हातांकडे लक्ष ठेवू शकतो. वीस मुलांची तुकडी स्वीकारली, की त्यांतली सोळा व्हरांड्यात बसतात.

प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक काम केले’ लिहून काय साधते? ‘अमुक कपाटातील १६० नाण्यांची मापे, वजन व छायाचित्रांसह नोंद केली, त्यांपैकी ११ नोंदी रजिस्टरशी जुळत नसल्याचे दाखवून दिले, एकूण १२० तास,’ असे लिहिले तर ते पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडते. त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याचे नाव आणि वर्षही असावे. ते त्याचे श्रेय आहे आणि पुढे शंका आली, तर कोणाला विचारायचे हेही कळते.

शिवाजी विद्यापीठाला, संलग्न महाविद्यालयांना आणि शहरातल्या सर्व संग्रहालयांना, ग्रंथालयांना, संस्थांना आमची विनंती आहे, की पुढच्या सत्राची कामांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागावी. कामाचे नाव, लागणारे तास, किती जण हवेत, कोणत्या महिन्यात, देखरेख कोण करणार, एवढे पाच रकाने पुरेत. शेवटचा रकाना ज्या संस्थेला भरता येत नसेल, तिने त्या सत्रात मुले घेऊ नयेत.

आपले,
संग्रहालये व स्वयंसेवी संस्थांतील काही कार्यकर्ते,
कोल्हापूर